चालू डेटाबेसमधून इंडेक्स काढताना या चुका टाळा

पोस्टग्रेस या डेटाबेसमधून इंडेक्स, म्हणजे टेबलमधील माहिती लवकर सापडावी म्हणून ठेवलेली सूची, काढून टाकणे हे काम दिसायला इतके किरकोळ आहे की त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागतो याचेच अनेकांना नवल वाटते. आदेश एका ओळीचा आहे, प्रत्यक्ष काढण्याला जेमतेम क्षण लागतो आणि स्वतःच्या लॅपटॉपवर तो कधीच अडत नाही. प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरत असलेल्या प्रणालीवर, मात्र हाच आदेश भर दुपारी अख्खे ॲप्लिकेशन बंद पाडतो, आणि मग मदतीसाठी जे फोन येतात त्यांत त्याच त्या चुका पुन्हा ऐकाव्या लागतात.

साधा ड्रॉप आणि त्याच्यामागची रांग

साधा 'ड्रॉप इंडेक्स' केवळ इंडेक्सवर नव्हे, तर तो ज्या टेबलवर आहे त्या टेबलवरही 'ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह' लॉक, म्हणजे इतरांना थांबवणारा ताबा, मागतो. हा सर्वांत कडक लॉक असून तो साध्या 'सिलेक्ट'लाही, म्हणजे वाचनाच्या क्वेरीलाही, सोबत चालू देत नाही. एवढे बहुतेकांना ठाऊक असते, पण 'लॉक क्षणभरच लागेल' असे म्हणून ते पुढे जातात. लॉक मिळाल्यावर काम क्षणात होते हे खरेच; लॉक मिळेपर्यंत काय होते याचा विचार मात्र कोणी करत नाही. त्या टेबलला हात लावलेले एखादे ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणाऱ्या आदेशांचा गट) चालू असेल, तर ते संपेपर्यंत ड्रॉप रांगेत उभा राहतो, आणि तो उभा असेपर्यंत त्याच्यानंतर आलेली प्रत्येक क्वेरी, अगदी एका ओळीचे वाचनसुद्धा, त्याच्या मागे थांबते. आधीच्या सिलेक्टचे आणि नंतरच्या सिलेक्टचे एकमेकांशी काहीच वाकडे नसते. तरीही मध्ये ड्रॉप उभा असल्यामुळे नंतरचे पुढे सरकत नाही.

ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका कंपनीत हे सगळे साग्रसंगीत घडलेले मी पाहिले आहे. ऑर्डरच्या टेबलवरचा एक जुना इंडेक्स काढायचा होता. तो खरोखरच निरुपयोगी होता आणि काढण्याचा निर्णयही योग्य होता. नुकत्याच रुजू झालेल्या एका अभियंत्याने जेवणाच्या सुट्टीपूर्वी हातावेगळे करावे म्हणून साधा ड्रॉप चालवला. त्याच सुमारास अहवाल विभागातील कोणीतरी 'बिगिन'ने ट्रान्झॅक्शन उघडून याच टेबलवर एक सिलेक्ट चालवले होते आणि खिडकी उघडी ठेवून ती व्यक्ती जेवायला गेली होती. क्वेरी केव्हाच संपली होती, पण टेबलवरचा लॉक ट्रान्झॅक्शन संपल्यावरच सुटतो, आणि ते सत्र 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अवस्थेत निवांत पडून होते. ड्रॉप त्याच्यामागे अडला, ऑर्डर वाचणाऱ्या क्वेरी ड्रॉपच्या मागे अडल्या, ॲप्लिकेशनने वापरायच्या कनेक्शनांचा पूल भरला, आणि ऑर्डरशी काडीचा संबंध नसलेले लॉगिनचे पानही उघडेनासे झाले. मग कोणीतरी ॲप्लिकेशनचे सर्व्हर रीस्टार्ट करण्याची घाई केली. लॉकसाठी थांबलेल्या जुन्या प्रक्रियांना आपला क्लायंट निघून गेल्याचा पत्ता नसल्याने त्या डेटाबेसवर तशाच राहिल्या, नव्या कनेक्शनांची त्यांत भर पडली आणि कनेक्शनची कमाल मर्यादाही संपली.

सुपरयूजरसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या यूजरसाठी, मुळातच काही कनेक्शन राखीव असतात, मूळ सेटिंगनुसार तीन. म्हणून आत शिरता तरी आले. चालू सत्रे दाखवणाऱ्या 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी'त ओळीमागून ओळ 'लॉक'ची वाट पाहत होती, आणि क्वेरी सुरू झाल्याच्या वेळेनुसार क्रम लावल्यावर थांबलेल्यांमध्ये सर्वांत वर ड्रॉपची ओळ दिसली. तिचा प्रोसेस क्रमांक चालू क्वेरी रद्द करणाऱ्या 'पीजी_कॅन्सल_बॅकएंड'ला देताच रांग ओसरली. अशा वेळी आधी रद्द करायचा तो ड्रॉप. अहवालाच्या सत्राची झडती नंतर घेता येते. तेथील मंडळी मात्र तोवर दिसेल ती क्वेरी मारत सुटली होती.

यावर माझी सवय अगदी साधी आहे. साधा ड्रॉप चालवायचाच असेल, तर त्याआधी त्याच सत्रात 'लॉक_टाइमआउट', म्हणजे लॉकसाठी थांबण्याची मर्यादा, दोन सेकंदांवर आणायचा. लॉक मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास आदेश आपोआप मागे फिरतो, रांग मोकळी होते आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करता येतो. या सेटिंगचे मूळ मूल्य शून्य आहे, म्हणजे डेटाबेस कितीही वेळ थांबायला तयार असतो. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्या मंडळींनी यावर हसू नये. तेथे मेटाडेटा लॉकची, म्हणजे टेबलच्या रचनेवरील लॉकची, अशीच रांग लागते, आणि 'लॉक_वेट_टाइमआउट'चे मूळ मूल्य 3,15,36,000 सेकंद, म्हणजे पूर्ण एक वर्ष आहे.

'कन्करन्टली' लिहिले म्हणजे सुटलो, असे नव्हे

2012 मध्ये आलेल्या 9.2 आवृत्तीपासून 'ड्रॉप इंडेक्स कन्करन्टली', म्हणजे इतर काम चालू ठेवून इंडेक्स काढणारा आदेश, उपलब्ध आहे आणि चालू प्रणालीवर हाच आदेश वापरावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो टेबलवर 'शेअर अपडेट एक्सक्लुझिव्ह' हा सौम्य लॉक घेतो, त्यामुळे वाचन आणि लेखन चालू राहते. आधी तो इंडेक्सला अवैध ठरवतो, जेणेकरून नव्या क्वेरी त्याचा आधार घेणार नाहीत. मग ते टेबल वापरत असलेली जुनी ट्रान्झॅक्शन संपण्याची वाट पाहतो. त्यानंतर इंडेक्समधील लेखन थांबवतो, पुन्हा वाट पाहतो आणि शेवटी तो काढून टाकतो. वर सांगितलेले जेवायला गेलेले सत्र येथेही आडवे येते. फरक इतकाच की येथे फक्त ड्रॉप ताटकळतो, इतरांचे वाचन-लेखन अडत नाही.

हे सगळे टप्प्याटप्प्याने होत असल्यामुळे हा आदेश ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही. मायग्रेशनची, म्हणजे डेटाबेसच्या रचनेतील बदल लागू करणारी, बहुतेक साधने प्रत्येक बदल आपणहून ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतात, त्यामुळे त्रुटी येते, आणि उतावळा नवशिका त्या त्रुटीवर जो इलाज करतो तो पाहून मला खरोखर संताप येतो: तो 'कन्करन्टली' हा शब्दच खोडून टाकतो. त्रुटी जाते, चाचणी पास होते, कोड रिव्ह्यूमध्ये कोणाच्या लक्षात येत नाही, आणि प्रॉडक्शनवर वरची कहाणी पुन्हा घडते. यावर उपाय वेब फ्रेमवर्कमध्येच असतो: रेल्समध्ये 'डिसेबल_डीडीएल_ट्रान्झॅक्शन' आहे, जँगोमध्ये 3.0 पासून 'रिमूव्ह इंडेक्स कन्करन्टली' आहे आणि त्यासोबत मायग्रेशनचे 'ॲटॉमिक' बंद करायचे असते. एका ओळीचे काम आहे. दस्तऐवज वाचण्याचा कंटाळा एवढीच काय ती अडचण.

दुसरी चूक अधिक सोज्वळ दिसते. साध्या ड्रॉपसाठी सांगितलेला दोन सेकंदांचा 'लॉक_टाइमआउट' काही जण येथेही लावतात, किंवा त्यांच्या यूजरवर आधीपासून 'स्टेटमेंट_टाइमआउट' (पूर्ण आदेशाच्या वेळेची मर्यादा) लावलेला असतो. वाट पाहणे हाच या आदेशाचा स्वभाव असल्याने तो अर्ध्यावर रद्द होतो आणि अवैध इंडेक्स मागे उरतो. हा अर्धवट इंडेक्स क्वेरीच्या उपयोगाचा नसतो, पण पहिल्याच प्रतीक्षेत रद्द झालेला असेल तर प्रत्येक इन्सर्टच्या वेळी त्यात लेखन मात्र चालू राहते. म्हणजे भाडे चालू आणि घर बंद. म्हणून 'कन्करन्टली'पूर्वी मी दोन्ही मर्यादा त्या सत्रापुरत्या शून्यावर आणतो, आणि हे पीजीबाउन्सर या कनेक्शन वाटून देणाऱ्या मध्यस्थ साधनातून न करता थेट कनेक्शनवर करतो, कारण ट्रान्झॅक्शन पूलिंगमध्ये सेटिंग एका कनेक्शनवर आणि आदेश दुसऱ्यावर जाऊ शकतो. नंतर इंडेक्सची नोंद ठेवणाऱ्या 'पीजी_इंडेक्स'मध्ये 'इंडइजव्हॅलिड' (इंडेक्स वैध आहे का) खोटे असलेली ओळ उरली आहे का ते पाहतो. उरली असल्यास तोच आदेश पुन्हा चालवायचा.

प्रायमरी की (ओळीची मुख्य ओळख) किंवा युनिक कन्स्ट्रेंट (दुबार मूल्ये रोखणारा नियम) यांचा इंडेक्स 'कन्करन्टली' काढता येत नाही, तसाच पार्टिशन केलेल्या, म्हणजे तुकड्यांत विभागलेल्या, मुख्य टेबलवरचाही नाही. 'कन्करन्टली'च्या एका आदेशात एकच इंडेक्स काढता येतो.

काढण्याआधीच्या चुका

'बिगिन, ड्रॉप, एक्सप्लेन, रोलबॅक' ही युक्ती अनेक ठिकाणी कौतुकाने सांगितली जाते: इंडेक्स तात्पुरता काढा, क्वेरीचा प्लॅन पाहा, मग सर्व पूर्ववत करा. चाचणीच्या डेटाबेसवर ती खुशाल करावी. प्रॉडक्शनवर मात्र ड्रॉपपासून रोलबॅकपर्यंत टेबलवर कडक लॉक असतो, आणि तुम्ही प्लॅन वाचत डोके खाजवत बसता तेवढा वेळ सगळे ग्राहक थांबलेले असतात.

'आयडीएक्स_स्कॅन', म्हणजे इंडेक्स किती वेळा वापरला याचा आकडा, शून्य दिसला म्हणजे इंडेक्स निरुपयोगी, हा निष्कर्षही घाईचा आहे. ही आकडेवारी प्रत्येक सर्व्हरची वेगळी असते, त्यामुळे अहवाल रेप्लिकावर, म्हणजे डेटाबेसची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर, चालत असतील तर तेथेही पाहावे लागते. आकडे मध्येच रीसेट झालेले असू शकतात. 'पीजी_स्टॅट_डेटाबेस'मधील रीसेटची तारीख पाहिल्याशिवाय मी शून्याला शून्य मानत नाही, आणि महिनाअखेरीचे काम एकदा तरी होऊन जाऊ देतो. 16 व्या आवृत्तीपासून शेवटच्या वापराची वेळही मिळते. युनिक इंडेक्स मात्र एकदाही स्कॅन न होता दुबार नोंदी रोखत असतो, त्याला या आकड्यावरून हात लावू नये. फॉरेन कीच्या, म्हणजे दुसऱ्या टेबलमधील ओळीकडे निर्देश करणाऱ्या, स्तंभावरचा इंडेक्स काढल्यास मूळ टेबलमधून काढलेल्या प्रत्येक ओळीमागे संलग्न टेबल पूर्ण चाळले जाऊ शकते. लॉजिकल रेप्लिकेशन (बदल ओळीओळीने दुसऱ्या डेटाबेसकडे पाठवणे) असेल तर 'इंडइजरेप्लिडेंट'ही पाहावे, म्हणजे त्यात ओळी ओळखण्यासाठी हाच इंडेक्स नेमलेला आहे का ते.

'पीजी_गेट_इंडेक्सडेफ'ने इंडेक्सची व्याख्या आधी जपून ठेवावी. काढायला क्षण लागतो, पण मोठ्या टेबलवर तो पुन्हा बांधायला तास लागतात.

आदेश अडकून बसला तर

ड्रॉपची प्रगती दाखवणारा व्ह्यू पोस्टग्रेसमध्ये नाही, म्हणून दुसऱ्या सत्रातून 'पीजी_ब्लॉकिंग_पिड्स'ला ड्रॉपचा क्रमांक देऊन वाट कोणी अडवली आहे ते पाहावे. तेथे साधे ऑटोव्हॅक्यूम (डेटाबेसची आपोआप होणारी साफसफाई) दिसल्यास काही करू नका, ते थोड्याच वेळात स्वतःहून बाजूला होते. त्याच्या नावापुढे रॅपअराउंड (ट्रान्झॅक्शनचे क्रमांक संपून पुन्हा सुरुवातीपासून येणे) टाळण्यासाठी असे लिहिलेले असेल, तर मात्र ते हटत नाही आणि त्याला मारणेही शहाणपणाचे नाही. ड्रॉप रद्द करून ते व्हॅक्यूम पुरे झाल्यावर यावे. अडवणारे सत्र 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असेल, तर त्याच्या मालकाला विचारून अख्खे सत्रच बंद करणारे 'पीजी_टर्मिनेट_बॅकएंड' वापरावे, कारण अशा सत्रात चालू क्वेरीच नसल्याने 'पीजी_कॅन्सल_बॅकएंड'चा त्यावर काही परिणाम होत नाही.