घरभर गाणी, एक आज्ञा: अनेक स्मार्ट स्पीकर वापरताना या चुका टाळा

‘सगळीकडे गाणी लाव’ असे सांगितल्यावर एका खोलीतला स्पीकर वाजू लागतो, दुसरा गप्पच राहतो आणि तिसरा दोन ओळी वाजवून थांबतो, तेव्हा बहुतेक जण पहिला दोष स्पीकरला देतात. दोष स्पीकरचा असतोच असे नाही. स्पीकर स्वतः ओळखतो ती फक्त त्याला मारलेली हाक. पुढची आज्ञा बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरकडे जाते, तिथे तिचे शब्द होतात, त्या शब्दांतून तुमच्या खात्यातील स्पीकरचे किंवा गटाचे (एकत्र वाजण्यासाठी जोडलेल्या स्पीकरच्या संचाचे) नाव शोधले जाते, संगीतसेवा ठरते, आणि मग घरातील स्पीकर आपापसांत वेळ जुळवून गाणे वाजवू लागतात. यांपैकी नेमके कुठे अडले आहे हे न पाहता सगळे एकदम बंद करून पुन्हा चालू करणे, ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

त्यामुळे पहिली तपासणी बोलून नव्हे, हाताने करावी. फोनवरचे स्पीकरचे ॲप उघडून तेच गाणे त्याच गटावर बोटाने लावून पाहा. ते नीट वाजले, तर नेटवर्क आणि स्पीकर दोन्ही ठीक आहेत आणि गडबड आज्ञेत, नावात किंवा खात्यात आहे. हाताने लावूनही ते अडखळत असेल, तर शब्द बदलून बदलून आज्ञा देण्यात काहीच अर्थ नाही. सरळ राउटरकडे वळावे. या एका तपासणीने शोधाचे निम्मे क्षेत्र बाद होते, आणि तरीही ती क्वचितच कोणी करते.

नावांचा घोळ

माझ्या मते आवाजाच्या आज्ञा फसण्याचे सर्वांत मोठे कारण नावे हेच आहे. स्पीकरचे नाव ‘हॉल’, खोलीचे नाव ‘हॉल’, दिव्यांच्या गटाचे नावही ‘हॉल’, आणि संगीतासाठी केलेल्या गटाला ‘हॉल स्पीकर’ असे नाव दिले, की असिस्टंटपुढे, म्हणजे आज्ञा समजून घेणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे, चार दारे उभी राहतात आणि तो त्यांतले कोणतेही उघडतो. प्रत्येक गटाला इतर कशाशीही न जुळणारे, दोन-तीन अक्षरी आणि घरातील सर्वांना सहज उच्चारता येईल असे नाव द्यावे. ‘पार्टी’ किंवा ‘शांत’ यांसारखी नावे टाळावीत, कारण अशा नावांच्या प्लेलिस्ट असतात आणि असिस्टंट गट सोडून प्लेलिस्ट शोधू लागतो.

इथेच दुसरा गैरसमज डोकावतो. ॲपमध्ये दोन स्पीकर एका खोलीत टाकले, म्हणजे ते एकत्र वाजतील असे गृहीत धरले जाते. ॲमेझॉनचे अलेक्सा आणि गूगलचे गूगल होम या दोन्ही ॲपमध्ये खोली वेगळी आणि एकत्र वाजणाऱ्या स्पीकरचा गट वेगळा असतो. संगीताचा गट ॲपमध्ये स्वतंत्रपणे तयार करावा लागतो. तो केलेला नसेल, तर आज्ञा कितीही स्पष्ट दिली तरी एकच स्पीकर वाजणार.

असिस्टंटने काय ऐकले याचा तर्क करत बसण्याचे कारण नाही, कारण दोन्ही ॲपमध्ये दिलेल्या आज्ञांची नोंद पाहता येते. असिस्टंटची भाषा इंग्रजी ठेवली असेल आणि गटाचे नाव ‘गच्ची’ असेल, तर नोंदीत एखाद्या महागड्या ब्रँडचे नाव उमटलेले दिसण्याची शक्यता आहे. असे दिसले की उच्चार सुधारण्यापेक्षा गटाचे नाव बदलणे सोपे, कारण असिस्टंटला शिकवणे आपल्या हाती फारसे नसते.

कोणत्या स्पीकरने ऐकले?

एकमेकांजवळच्या दोन स्पीकरनी हाक ऐकली, तर त्यांतला एकच उत्तर देतो, आणि तो नेहमी तुम्हाला अपेक्षित असलेलाच असेल असे नाही. आज्ञेत गटाचे नाव नसेल, तर ज्याने उत्तर दिले त्याच्यावरच गाणे लागते. दर वेळी गटाचे नाव घेण्याची सवय लावावी, किंवा त्या स्पीकरच्या सेटिंगमध्ये गाणी डीफॉल्टने कुठे वाजावीत ते ठरवून ठेवावे. स्पीकर भिंतीला चिकटवून किंवा कोपऱ्यात कोंबून ठेवू नये. भिंत आणि खिडकीपासून सुमारे २० सेंटिमीटर अंतर असले, की गाणे चालू असतानाही हाक ऐकू जाण्याची शक्यता वाढते.

गाणे मध्येच थांबते, तेव्हा

दर वेळी इंटरनेटला बोल लावू नये. संगीतसेवेच्या एकट्यासाठीच्या योजनेत साधारणपणे एका वेळी एकाच ठिकाणी गाणे वाजते. संपूर्ण गट हे एकच ठिकाण मानले जाते, त्यामुळे पाच स्पीकर एकत्र वाजायला अडचण नसते. पण त्याच खात्यावर घराबाहेर गेलेल्या कोणी फोनवर गाणे लावले, की घरातले बंद पडते. कुटुंबाची योजना घेऊनही हे होत असेल, तर प्रत्येकाचे खाते आणि आवाजाची ओळख ॲपमध्ये वेगवेगळी जोडली आहे का ते पाहावे, कारण सगळ्यांच्या आज्ञा एकाच खात्यावर जात असतील तर योजनेचा उपयोग होत नाही.

नेटवर्कमधील चुका

वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चांगला की ५ गिगाहर्ट्झचा, यावर बराच खल होतो. प्रत्यक्षात अधिक महत्त्वाचे हे, की सगळे स्पीकर एकाच नेटवर्कवर असावेत आणि एकमेकांना दिसावेत. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर जोडलेल्या स्पीकरला इंटरनेट मिळते, तो एकटा उत्तम वाजतो, पण तिथली उपकरणे सहसा एकमेकांपासून तोडलेली असतात, त्यामुळे गटात तो सापडतच नाही. जुन्या राउटरच्या मागे दुसरा राउटर जोडल्यावरही नेमके हेच होते: घरात नकळत दोन नेटवर्क तयार होतात. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वेगळे नेटवर्क न बनवता पहिल्याचेच नेटवर्क पुढे नेण्यासाठी, चालवावा; तेवढ्याने बहुतेक वेळा अडचण सुटते. फोनवर व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) चालू असेल तर ॲपला स्पीकर दिसेनासे होऊ शकतात, तेही आधी तपासावे.

२.४ गिगाहर्ट्झवर शेजारपाजारच्या वाय-फायची गर्दी असेल, तर १, ६ आणि ११ या एकमेकांवर न येणाऱ्या चॅनेलपैकी मोकळे असेल ते निवडावे. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात, सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. फक्त स्वयंपाकघरातलाच स्पीकर आणि तोही ठरावीक वेळी तुटत असेल, तर कारण कदाचित ओट्यावर आहे.

घुमल्यासारखा आवाज

दोन खोल्यांतले गाणे मागेपुढे ऐकू येते, ही तक्रार मात्र नेहमी बिघाडाची नसते. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मीटर अधिक दूरच्या स्पीकरचा आवाज, दोन्ही अगदी एका क्षणी वाजले तरी, जवळच्यापेक्षा जवळपास २९ मिलिसेकंद उशिरा कानी पडतो. दाराच्या उंबरठ्यावर उभे राहून ताळमेळ तपासणाऱ्याला तो कधीच पूर्ण समाधान देणार नाही. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर उभे राहूनही गाणे स्पष्टपणे दुहेरी ऐकू येत असेल, तरच दोष शोधावा. तो बहुधा ब्लूटूथने जोडलेल्या जादा स्पीकरमध्ये सापडतो, कारण ब्लूटूथवर आवाज सहज १०० मिलिसेकंदांहून अधिक रेंगाळतो. अलेक्साच्या बहुखोली संगीतात ब्लूटूथ स्पीकर चालत नाहीत. गूगल होममध्ये चालतात, पण त्या स्पीकरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन विलंब कानाने जुळवावा लागतो.

जुन्या सल्ल्यांवर विसंबण्याची चूकही इथे नोंदवायला हवी. जानेवारी २०२२ मध्ये स्पीकर बनवणाऱ्या सोनोस कंपनीच्या पेटंटबाबत अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाचा निर्णय गूगलच्या विरोधात गेल्यावर, गूगलने पूर्ण गटाचा आवाज एकदम कमी-जास्त करण्याची सोय काढली होती, आणि प्रत्येक स्पीकरचा आवाज स्वतंत्रपणे बदलावा लागत होता. ती सोय पुढे परत आली. त्या काळात लिहिलेले उपाय मात्र अजूनही जसेच्या तसे सांगितले जातात.

फॅक्टरी रीसेट, म्हणजे स्पीकर नव्यासारखा कोरा करणे, हा शेवटचा उपाय. अनेक जण सुरुवात तिथूनच करतात. रीसेट केलेला स्पीकर खात्यातून आणि गटांतून बाहेर पडतो, सगळी जोडणी पुन्हा करावी लागते, आणि मूळ कारण राउटरमध्ये असेल तर त्रास तसाच राहतो. त्याआधी राउटर बंद करून चालू करावा, इंटरनेट पूर्ण सुरू होईपर्यंत थांबावे, मग स्पीकर एकेक करून लावावेत. तरीही न सुटल्यास फक्त संगीताचा गट पुसून नव्या नावाने तयार करावा आणि त्यात आधी दोनच स्पीकर घालावेत. तिसरा किंवा चौथा घातल्यावर गाणे अडखळू लागले, तर रीसेट करायचा तो तेवढाच एक.