तीन-चार पदार्थांचं वावडं आणि वाढतं वय: मुलांच्या जेवणातल्या या चुका टाळा

बारा-तेराव्या वर्षापासून मुलांना खा-खा सुटते, आणि ती भूक खोटी नसते. उंची सर्वांत वेगानं वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षी आणि मुलग्यांमध्ये चौदाव्या वर्षी येतो. त्या एका वर्षात मुलगा नऊ-दहा सेंटीमीटर वाढू शकतो. भरपूर खेळणाऱ्या मुलग्याला दिवसाला २८०० ते ३२०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे घरातल्या बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा बऱ्याच जास्त. नेमक्या याच वयात दूध, गहू, अंडं, सोया, शेंगदाणे यांतल्या तीन-चार गोष्टी सोसत नसतील तर घरात ‘हे नको, ते नको’ अशी यादी तयार होते. ती लांबतही जाते. ‘त्याच्या जागी काय?’ ही दुसरी यादी मात्र फारशी कोणी करत नाही, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथेच सुरू होतात.

चूक: सगळी वावडी एकाच पारड्यात घालणं

‘दूध चालत नाही’ या तीन शब्दांमागे किमान दोन वेगळे आजार असू शकतात. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर रोगप्रतिकारशक्ती बिथरते. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते साधारण दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, श्वास लागतो. इथे थोडंसं दूधसुद्धा धोक्याचं असू शकतं. लॅक्टोज न पचणं हा निराळा प्रकार आहे. लॅक्टेज हे एन्झाइम कमी पडल्यामुळे दुधातली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, मग गॅस, पोटफुगी, जुलाब होतात. त्रास खूप होतो, पण जिवावर बेतत नाही आणि तो मात्रेवर अवलंबून असतो. अशा बऱ्याच जणांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, जेवणाबरोबर घेतल्यास फारसा त्रास न होता पचतं. दही आणि मुरवलेलं कडक चीज तर आणखी सोपं.

या दोन्हींची गल्लत झाली की नुकसान दोन्हीकडून होतं. लॅक्टोज न पचणाऱ्या मुलाचं दूध-दही वर्षानुवर्षं पूर्ण बंद राहतं आणि त्याचं कॅल्शियम विनाकारण बुडतं. उलट ॲलर्जी असलेल्या मुलाला कोणी तरी ‘लॅक्टोज-फ्री’ दूध देतं. त्यात फक्त साखर मोडलेली असते, प्रथिनं जशीच्या तशी असतात. शेळीच्या दुधाचंही तेच. त्यातली प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना तेही बाधतं.

गव्हाबाबत तिसरी शक्यताही असते, सीलिअॅक आजाराची. त्यात ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं, आणि पोटाची तक्रार नसतानाही नुसता अशक्तपणा किंवा खुंटलेली वाढ एवढंच दिसू शकतं. त्याची रक्ततपासणी ग्लुटेन खाणं चालू असतानाच करावी लागते. ‘आधी गहू बंद करून बघू, मग टेस्ट करू’ हा उलटा क्रम फार घरांत होतो. मग रिपोर्ट खोटाच नॉर्मल येतो, आणि निदानासाठी मुलाला पुन्हा काही आठवडे गहू खायला लावावा लागतो.

चूक: रिपोर्ट हातात आला की अर्धं स्वयंपाकघर रिकामं करणं

शंभर-दोनशे पदार्थांची ‘फूड इनटॉलरन्स’ तपासणी म्हणून आयजीजी या रक्तातल्या प्रतिपिंडाचे (अँटिबॉडीचे) जे रिपोर्ट मिळतात, त्यांचा आधार घेऊन काहीही बंद करू नये. ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना या तपासणीची शिफारस करत नाहीत. रक्तातलं आयजीजी हे तो पदार्थ खाण्यात असल्याचं चिन्ह आहे, आजाराचं नव्हे. म्हणून मूल जे रोज खातं तेच त्या रिपोर्टात लाल रंगात येतं, आणि आईवडिलांना वाटतं, अरे, म्हणूनच तर त्रास होतोय! माझ्या मते, आधीच चार पदार्थ बंद असलेल्या मुलाच्या हातात हा कागद देण्याइतकं घातक दुसरं काही नाही.

आयजीई या दुसऱ्या प्रतिपिंडाची तपासणी खरी ॲलर्जी शोधायला उपयोगी पडते, पण तीही एकटी पुरेशी नाही. ती पॉझिटिव्ह आली आणि मूल तो पदार्थ आजवर बिनतक्रार खात आलं असेल, तर नुसत्या आकड्यावरून तो काढायचा नसतो. लक्षणं आणि रिपोर्ट दोन्ही जुळवून पाहायचं काम डॉक्टरांचं.

चूक: बंद करण्याची तारीख आहे, परत सुरू करण्याची नाही

ॲलर्जी नसून नुसतं पचत नसल्याचा संशय असेल, तर पदार्थ दोन ते चार आठवडे, फार तर सहा आठवडे काढून बघायचा. फरक पडला नाही तर तो निर्दोष, परत ताटात. फरक पडला तरीही थोड्या मात्रेत परत देऊन खात्री करायची. एका वेळी एकच पदार्थ. पाच एकदम काढले आणि बरं वाटलं, तर पाचांतला खरा दोषी कोण हे कधीच कळत नाही आणि उरलेले चार उगाच शिक्षा भोगतात.

मोनॅश विद्यापीठात तयार झालेल्या लो-फॉडमॅप (आतड्यात सहज आंबणारी काही कर्बोदकं कमी केलेल्या) आहाराचंही हेच. कांदा, लसूण, गहू, काही फळं आणि कडधान्यं कमी करण्याचा त्याचा पहिला टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो. पुढे एकेक गोष्ट परत आणायची असते. लोक पहिल्या टप्प्यातच मुक्काम ठोकतात.

जिथे पूर्वी गांधी, सूज, दम असं काही झालंय, तिथे मात्र घरी प्रयोग अजिबात नको. आणि एक कमी माहीत असलेली गोष्ट: इसबासाठी एखादा पदार्थ बराच काळ पूर्ण बंद ठेवला, तर परत देताना काही मुलांना अचानक तीव्र ॲलर्जी येते, आधी कधी आली नसली तरी. तिथेही परत सुरुवात डॉक्टरांना विचारूनच.

या काळात वही ठेवा, पण तिच्यात नुसतं खाणं लिहू नका. झोप, परीक्षा, पाळी, शौच, खेळ, औषधं हेही लिहा. पंधराव्या वर्षी परीक्षेच्या सकाळी दुखणाऱ्या पोटाचा आळ आदल्या रात्रीच्या जेवणावर सहज येतो.

चूक: काढलं, पण भरलं नाही

एक कप गाईच्या दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८ ग्रॅम प्रथिनं असतात. त्याच्या जागी बदामाचं किंवा तांदळाचं पेय आलं, की कपात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. दिसायला पांढरं, म्हणून दूध समजायचं नाही. सोया चालत असेल तर सोयादूध प्रथिनांत गाईच्या दुधाच्या जवळ जातं. वाटाण्याच्या प्रथिनांपासून केलेली पेयंही आहेत, मात्र शेंगदाण्याची किंवा इतर कडधान्यांची ॲलर्जी असलेल्यांनी ती विचारून घ्यावीत. पाकिटावर ‘कॅल्शियम घातलेलं’ असं लिहिलंय का ते पाहा, आणि ओतण्याआधी पॅक नीट हलवा, कारण कॅल्शियम तळाशी बसतं आणि ते सगळं शेवटच्या कपात जातं.

कॅल्शियमची गरज अमेरिकी शिफारशीनुसार ९ ते १८ वर्षांत दिवसाला १३०० मिलिग्रॅम आहे. इतर काही देशांचे आकडे याहून थोडे कमी आहेत. मोठेपणी हाडांत जितकी खनिजं असतात त्यांतली सुमारे चाळीस टक्के, उंची झपाट्यानं वाढण्याच्या आसपासच्या चार वर्षांत जमा होतात, त्यामुळे ‘पुढे बघू’ असं म्हणायला इथे जागा नाही. पालकाच्या भाजीवर विसंबू नका. तिच्यात कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेटमुळे त्यातलं फार थोडं अंगी लागतं. ब्रोकोली, काट्यांसकट खाता येणारे छोटे मासे, कॅल्शियम घालून केलेलं टोफू हे पर्याय बरे, अर्थात यांतलं काय चालतं ते पाहून. गोळ्या घ्यायच्या झाल्या तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि लोहाच्या गोळीबरोबर नको.

लोहाची गरज १४ ते १८ वयात मुलींना साधारण १५ आणि मुलग्यांना ११ मिलिग्रॅम. मांस, मासे, अंडी घरात नसतील तर कडधान्यांबरोबर आंबट फळ किंवा टोमॅटो, सिमला मिरची असं क जीवनसत्त्व द्या आणि जेवणावर लगेच चहा-कॉफी टाळा. दूध, अंडी, मांस, मासे ही चारही बंद असतील तर बी-१२ बाहेरून द्यावंच लागतं. आयोडिनसाठी मीठ आयोडिनयुक्त आहे ना, एवढं पाहा.

प्रथिनांची किमान गरज वजनाच्या दर किलोला सुमारे ०.८५ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या मुलाला ४७ ग्रॅमच्या आसपास. आकडा फार मोठा नाही. पण गहू, दूध, सोया आणि शेंगदाणे काढून भात, बटाटा आणि ‘ग्लुटेन-फ्री’ बिस्किटांवर दिवस काढला, तर तोही गाठला जात नाही. ग्लुटेन-फ्री ब्रेड-बिस्किटं बहुधा स्टार्चची असतात: प्रथिनं कमी, तंतू कमी, साखर किंवा चरबी जास्त. त्यापेक्षा ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, किनोआ अशी मुळातच ग्लुटेन नसलेली धान्यं आलटूनपालटून द्या. फक्त ती गव्हाबरोबर एकाच चक्कीत दळलेली नसावीत.

इथे अडलात तर

*पोटभर जेवतो, तासाभरात पुन्हा भूक.* ताटात स्टार्च भरपूर, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ कमी. चालणाऱ्या डाळीची, माशाची, मांसाची किंवा बियांची भर घाला आणि तेल सढळ हातानं वापरा. यादी आधीच आखूड असलेल्या मुलाला वर ‘लो-फॅट’ची शिस्त लावू नये.

*उंची वाढतेय, वजन थांबलंय.* दर तीन महिन्यांनी दोन्ही मोजून वाढीच्या तक्त्यावर मांडा. रेघ आपली नेहमीची पट्टी सोडून खाली उतरू लागली, किंवा मुलीची पाळी लांबली वा थांबली, तर नुसता आहार बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

*सगळं बंद केलं तरी पोट दुखतंच.* आधी बद्धकोष्ठता तपासा. यादी जितकी आखूड तितके तंतू कमी, आणि मग पथ्यामुळेच पोट दुखायला लागतं.

*कच्चं सफरचंद खाल्लं की तोंड खाजतं, शिजवलेलं चालतं.* परागकणांच्या ॲलर्जीशी जोडलेला हा प्रकार असू शकतो. शिजवल्यावर ती प्रथिनं मोडतात. सगळी फळं बंद करायची गरज नसते.

*एरवी चालतं, खेळाच्या दिवशी गांधी उठतात.* व्यायाम, ताप, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं आणि दारू यांमुळे एरवी सोसणारी मात्रा सोसेनाशी होते. गहू खाऊन व्यायाम केल्यावरच येणारी तीव्र ॲलर्जी हा ओळखीचा आजार आहे. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा.

चूक: लेबल एकदाच वाचणं

उत्पादक घटक बदलतात आणि पाकीट तसंच ठेवतात. शिवाय कोणते ॲलर्जन ठळक लिहायचे याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. युरोपीय संघात १४, अमेरिकेत ९, आणि तिथेही तीळ यादीत आले ते २०२३ पासून. ‘अंश असू शकतात’ ही ओळ तर बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक असते, म्हणून ती नसली की पदार्थ सुरक्षित असं समजू नका. घरात टोस्टर, तळणीचं तेल आणि लाकडी चमचे यांतून सर्वांत जास्त गोंधळ होतो. हात साबण-पाण्यानं धुवायचे. सॅनिटायझरनं जंतू मरतात, शेंगदाण्याची प्रथिनं हातावर तशीच राहतात.

चूक: पंधरा वर्षांच्या मुलाला पाच वर्षांचा समजणं

अन्नाच्या ॲलर्जीनं जीव जाण्याचा धोका किशोर आणि तरुण वयात सर्वांत जास्त असतो, दमा असेल तर आणखी. कारण सोपं आहे: या वयात मूल घराबाहेर खातं आणि मित्रांसमोर ‘यात दूध आहे का?’ असं विचारायला लाजतं. डबा कितीही चोख दिला तरी हे सुटत नाही. लेबल त्यानंच वाचावं, हॉटेलात त्यानंच विचारावं, आठवड्यातलं एक जेवण त्यानंच रांधावं, आणि एका तरी मित्राला तीव्र ॲलर्जीत टोचायचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन कुठे आहे ते ठाऊक असावं.

दुसरी बाजूही डोळ्याआड करू नका. यादी मूल स्वतःहून वाढवत असेल, ‘हेही बाधतं, तेही बाधतं’ म्हणत चारचौघांत जेवायचं टाळत असेल, वजन उतरत असेल, तर वावड्याच्या आडोशाला खाण्याचा मानसिक विकार असू शकतो. अन्नाची भीती किंवा टाळाटाळ यातून होणाऱ्या कुपोषणाला ‘आर्फिड’ म्हणून २०१३ मध्ये मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात स्वतंत्र जागा मिळाली. यावर रागावून उपयोग नाही, उपचार आहेत.

चूक: मूल वाढलं, इंजेक्शनचा डोस तोच

ॲड्रेनलिनचं पेन लहानपणी ०.१५ मिलिग्रॅमचं दिलेलं असतं. वजन २५-३० किलोच्या पुढे गेलं की बहुधा ०.३ मिलिग्रॅमचं लागतं. पेनावरची मुदत आणि डोस दोन्ही आजच पाहा आणि डॉक्टरांना विचारून बदला. श्वास लागला, आवाज घोगरा झाला, गरगरायला लागलं, की ॲलर्जीच्या गोळीची वाट न पाहता मांडीच्या बाहेरच्या बाजूला आधी ॲड्रेनलिन, मग रुग्णवाहिकेला फोन. मुलाला आडवं करून पाय उंच ठेवा. धाप लागली असेल तर पाय पसरून बसू द्या, पण उभं करू नका, चालवत नेऊ नका. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरं पेन. आराम पडला तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण काही तासांनी लक्षणं पुन्हा उलटू शकतात.