पुळणीवर अमेरिकन फुटबॉल: धावेची कोणती चाल कधी काढायची

नवा संघ उभा राहिला की प्रत्येकाला चेंडू घेऊन कडेने पळायचं असतं. कडेला माणसं दिसत नाहीत, म्हणून तिथे रान मोकळं वाटतं. पण मैदान सुमारे 49 मीटर रुंद. आडवं पळत कडेला पोचेपर्यंत बचावाचे निम्मे गडी तिथे आधीच हजर असतात आणि पळणारा सापडतो तो बहुतेकदा चाल जिथून सुरू होते त्या रेषेच्या मागेच. या खेळात चार प्रयत्नांत 10 यार्ड, म्हणजे 9.14 मीटर काढायचे असतात. अमेरिकेतल्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्येही एका धावेची सरासरी चार यार्डांच्या आसपास असते. तेव्हा दर खेपेला तीन-चार यार्ड देणारी आणि क्वचितच मागे ढकलणारी चाल हीच कामाची. शिकण्याचा क्रम असा ठेवा: आधी इनसाइड झोन, मग पॉवर, मग ट्रॅप आणि ड्रॉ. कडेची धाव सगळ्यात शेवटी.

पुळणीवर सराव करायचा तर आधी तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास कोकण किनाऱ्यावर पूर्ण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळच्या सुमाराला येते, पाणीही लांब हटतं. गुहागर किंवा दापोलीजवळच्या मुरुडसारख्या ठिकाणी तेव्हा ओल्या, टणक वाळूचा ऐसपैस पट्टा मिळतो. अष्टमीला नेमकं उलटं: ओहोटी दुपारच्या उन्हात आणि संध्याकाळी पाणी वर. सुरूच्या बनालगतची कोरडी भुसभुशीत वाळू घेऊ नका. पहिलं पाऊल रुतलं की ब्लॉक, म्हणजे समोरच्याला अंगाने अडवणं, गेलंच. सड्यावर तर नकोच, जांभ्यावर पडलात तर गुडघे सोलवटतील. नायलॉनच्या दोरीला 9.14 मीटरवर गाठ मारा, तिने मोजून टाचेने रेघा ओढा. हेल्मेट आणि खांद्याचे पॅड नसतील तर पाडापाडी करायची नाही. पळणाऱ्याला कमरेखाली दोन्ही हात लागले की धाव संपली. वाळू मऊ असली तरी मान आणि खांदा तिच्या भरवशावर सोडू नयेत.

हल्ल्याच्या 11 जणांपैकी किमान सात जण रेषेवर लागतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल आणि एका टोकाला टाइट एंड. सेंटर-गार्डमधली फट ए, गार्ड-टॅकलमधली बी, टॅकल आणि टाइट एंडमधली सी. शेजाऱ्यांच्या पायांत साधारण दोन फुटांचं अंतर ठेवा. या जागांवर कबड्डी खेळलेली मुलं छान बसतात, कारण खाली वाकून जोर लावायची त्यांना सवय असते. फक्त एक खोड पहिल्या दिवसापासून मोडावी लागते: समोरच्याला धरून ठेवायची. तळवे त्याच्या छातीवर, कोपर आत. जर्सी मुठीत आली की होल्डिंग, आणि 10 यार्ड मागे.

इनसाइड झोनचं मोठेपण असं की बचाव कसाही उभा राहिला तरी नियम तोच राहतो. चाल उजवीकडे असेल तर रेषेवरचे सगळे उजव्या पायाने छोटं, सहा इंचांचं पाऊल टाकतात. ज्याच्या समोर बचावाचा गडी उभा आहे तो त्याला घेतो. ज्याच्या समोर कोणी नाही तो उजवीकडच्या शेजाऱ्याला मदत करतो. दोघे मिळून एकाला मागे रेटतात, आणि लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेमागे उभा असलेला गडी, फटीकडे आला की दोघांपैकी ज्याच्या बाजूने तो येईल तो सुटून त्याला गाठतो. इथेच चूक होते. लाइनबॅकर दिसला की मुलं लगेच रेटणं सोडून त्याच्या मागे धावतात. मग समोरचा आडदांड गडी मोकळा होतो आणि धाव रेषेवरच संपते. आधी रेटा पूर्ण करायचा. लाइनबॅकरला यायचं तर आपल्याकडेच यायचं आहे.

चेंडू घेऊन पळणारा तो रनिंग बॅक, त्याला चेंडू देणारा तो क्वार्टरबॅक. रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या मागून निघतो, रोख उजव्या गार्डवर. त्याने बघायचा तो सेंटरच्या उजवीकडचा रेषेवरचा पहिला गडी. तो बाहेर ढकलला गेला तर आतून सरळ घुसायचं, आत चेपला गेला तर त्याच्या बाहेरून जायचं. सगळेच उजवीकडे वाहून गेले असतील तर डावीकडे वळून मागची फट घ्यायची. चेंडू हातात येईपर्यंत पावलं आवरती, फट दिसली की पूर्ण जोर. फट दिसण्याआधीच सुसाट सुटलेला बॅक आपल्याच गार्डच्या पाठीवर आदळतो. पाठीवर आदळण्याच्या तक्रारी येऊ लागल्या की बॅकला एक यार्ड मागे उभा करा. त्याला पाहायला तेवढा वेळ मिळतो.

पॉवर ही ताकदीची चाल. एक यार्ड हवाच आहे, बचाव तगडा आहे, तेव्हा ती काढावी. चाल उजवीकडे असेल तर उजवा गार्ड आणि उजवा टॅकल मिळून समोरच्याला आतल्या बाजूला दाबतात, फुलबॅक (बॅकच्या पुढे धावून वाट काढणारा गडी) बचावाच्या टोकाच्या गड्याला बाहेर ढकलतो आणि डावा गार्ड रेषा सोडून उजवीकडे येतो. या दोन भिंतींमधून तो आत शिरतो आणि लाइनबॅकरला गाठतो. बॅक त्याच्या मागोमाग.

सगळी मदार त्या डाव्या गार्डवर. चेंडू हलताच त्याने उजवं कोपर मागे झटकायचं, म्हणजे कंबर आपोआप वळते. उजवं पाऊल थोडं मागे आणि उजवीकडे, मग रेषेला चिकटून पळायचं, नजर सतत आतल्या बाजूला. नजर कडेकडे गेली की लाइनबॅकर बगलेतून निसटतो. सरळ उभं राहून वळणारा गार्ड हमखास उशिरा पोचतो. त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेत सेंटरने मागे झुकून त्या बाजूचा गडी अडवायचा असतो. सेंटर हे विसरला की तो गडी थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर येतो. दुसरा धोका टोकाच्या गड्याचा. हुशार गडी बाहेर ढकलला जाण्याआधीच फुलबॅकच्या आतल्या खांद्याखालून घुसून फट बुजवतो. तसं दिसलं तर फुलबॅकने त्याला आतच दाबून धरावं आणि बॅकने बाहेरून जावं. हा बदल दोघांनी मिळून घोटायला हवा. एकट्याने केला तर टक्कर ठरलेली.

बचाव पॉवरला सरावला, लाइनबॅकर पहिल्या हालचालीबरोबर धावू लागले, की काउंटर. बॅक एक पाऊल डावीकडे टाकतो, लाइनबॅकर तिकडे झुकतात, आणि डावा गार्ड व त्याच्यामागे डावा टॅकल असे दोघे उजवीकडे येतात. गार्ड टोकाच्या गड्याला बाहेर काढतो, टॅकल आत शिरतो. 1980 च्या दशकात प्रशिक्षक जो गिब्ज यांच्या वॉशिंग्टन संघाने ही चाल गाजवली. जागेवर थांबून पाहणाऱ्या लाइनबॅकरपुढे मात्र ती फिकी पडते. बॅकचं ते खोटं पाऊल कोणी खरं मानलंच नाही, तर गार्ड आणि टॅकल लांबून येईपर्यंत बचाव वाट अडवून उभा असतो.

ट्रॅप स्वस्त आणि मस्त. समोरचा गडी भसकन आत घुसतो ना, त्याला येऊ द्यायचं आणि दुसऱ्या बाजूच्या गार्डने त्याला बगलेतून ढकलायचं. बॅक त्याच्याच मोकळ्या जागेतून निघून जातो. आततायी गड्यावर हमखास चालते. न घुसणाऱ्यावर अजिबात नाही. ड्रॉचंही तेच तत्त्व: रेषेवरचे गडी पाससाठी मागे सरल्यासारखं दाखवतात, क्वार्टरबॅक पास कुणाला द्यायचा ते पाहिल्यासारखं करतो आणि मग चेंडू बॅकच्या पोटात. तिसऱ्या प्रयत्नाला आठ-दहा यार्ड बाकी असताना ती काढा. एक यार्ड बाकी असताना ड्रॉ काढणं म्हणजे प्रयत्न फुकट घालवणं.

आता कडेची धाव. स्वीपमध्ये दोन्ही गार्ड बाहेर धावतात. 1960 च्या दशकात प्रशिक्षक विन्स लोम्बार्डींच्या ग्रीन बे संघाची ती ओळख होती. आउटसाइड झोनच्या, म्हणजे कडेने जाणाऱ्या झोनच्या, जोरावर डेन्व्हरच्या टेरेल डेव्हिसने 1998 च्या हंगामात 2008 यार्ड काढले. पण त्यामागे रेषेवरच्या पाचही जणांची एकसारखी पावलं होती. बॅकने टाइट एंडच्या बाहेरच्या बाजूला रोख धरून निघायचं, फट दिसली की एकदाच पाय रोवून सरळ वर वळायचं. दोनदा-तीनदा झुकांड्या देणारा बॅक या चालीत कामाचा नाही. पायाखाली वाळू मऊ असेल तर हा वळणाचा पाय सरकतो, म्हणून ओल्या पट्ट्याबाहेर ही चाल काढूच नका.

चेंडू देताना बॅकचं क्वार्टरबॅककडचं कोपर वर, दुसरा हात पोटाशी आडवा, तळवा वर. चेंडू त्या खोबणीत दाबायचा, फेकायचा नाही. मग बोटं चेंडूच्या टोकावर, बाकीचा चेंडू मनगट, कोपर आणि बरगड्यांत घट्ट. वाळू आणि खारं पाणी लागलं की तो साबणासारखा निसटतो. कोरडं फडकं रेषेबाहेर ठेवा, प्रत्येक चालीआधी पुसा.

चाल निवडण्याआधी मोजा. टॅकलपासून टॅकलपर्यंत, रेषेपासून पाच यार्डांच्या आत बचावाचे किती जण उभे आहेत? सहा असतील आणि तुमचे ब्लॉक करणारे सहा असतील तर धावा. आठ असतील तर धावू नका, पास टाका.

फ्लॅग प्रकार, म्हणजे पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढून थांबवायचा खेळ, खेळणार असाल तर हिशेब वेगळा. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात तो लॉस एंजेलिस 2028 साठी मंजूर झाला, त्यामुळे त्याकडे वळणारेही आता भेटतील. पाच विरुद्ध पाच, अंगाला धक्का देऊन ब्लॉक नाही, आणि क्वार्टरबॅकला स्वतः चेंडू घेऊन रेषा ओलांडता येत नाही. म्हणजे पॉवर आणि ट्रॅप इथे बाद. उरतात त्या फसव्या हँडऑफच्या, म्हणजे हातात चेंडू देण्याच्या, चाली: एकाला दाखवून दुसऱ्याला देणं, किंवा कडेच्या गड्याने आडवं धावत येऊन चेंडू घेणं. मध्यरेषा आणि गोलरेषा यांच्या अलीकडच्या पाच यार्डांत धावेला मनाईच असते. तिथे पोचायच्या आधीच्या चालीत दोन यार्ड जास्त मिळत असले तरी मोह आवरा आणि सहाव्या यार्डावर थांबा, म्हणजे पुढच्या प्रयत्नाला धावही हातात राहते.