आरपीएमचा काटा आणि उजवा पाय: हायवेवर गाडीचं ॲव्हरेज कसं वाढवायचं

दर पंधरा दिवसांनी मी बाबांकडे जाते. एका बाजूचं अंतर १४० किलोमीटर, आणि त्यातला जवळजवळ सगळा रस्ता हायवेचा. गाडी पेट्रोलची आहे, १.२ लिटरची, पाच गिअरची, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) नसलेली. गेली चार वर्षं तिच्या कप्प्यात मी एक वही ठेवली आहे. टाकी फुल केली की त्यात तारीख, किलोमीटर, लिटर आणि वाऱ्यापावसाबद्दल एखादा शब्द लिहिते. इथे जे सांगते आहे ते त्या वहीतून आणि बाबांशी झालेल्या वादांतून आलं आहे. बाबांनी उभं आयुष्य कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल संगणकाशिवाय मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या, गाड्या चालवल्या आणि मला गाडी शिकवली तीही त्यांनीच.

हायवेवरचं ॲव्हरेज म्हणजे आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा, खेळ, असं बरेच जण धरून चालतात. काटा दोन हजारांच्या खाली ठेवला की झालं! हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं वाऱ्यात आणि ब्रेकच्या पेडलमध्ये आहे.

आधी नीट मोजा

डॅशबोर्डवरचा आकडा दिशा दाखवायला चांगला, पण हिशोबाला नाही. माझ्या गाडीत तो खऱ्यापेक्षा लिटरमागे साधारण एक किलोमीटर जास्त दाखवतो. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की तिथेच थांबा, वरून आणखी घालू नका. ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तसंच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. एका टाकीवरून काहीच ठरवू नका. वारा, पाऊस, गाडीतली माणसं यांनी आकडा सहज एक-दोनने इकडेतिकडे होतो. तीन-चार टाक्यांचे एकूण किलोमीटर आणि एकूण लिटर घेऊन भागाकार केला की जे येतं त्यावर विश्वास ठेवावा.

एकच वेग, दोन गिअर

आरपीएमचा परिणाम पाहायचा असेल तर वेग तोच ठेवून फक्त गिअर बदलायला हवा. मी हे सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर, वारा पडलेला असताना, जाता-येता दोन्ही दिशांना करून पाहिलं. ताशी ८० किलोमीटरला पाचव्या गिअरमध्ये माझ्या गाडीचा काटा २३०० वर असतो, चौथ्यात जवळजवळ २९५०. डॅशबोर्ड पाचव्यात २२ दाखवत होता, चौथ्यात १९. टायर तेच, हवा तीच, चाकांना लागणारी ताकदही तेवढीच. म्हणजे तो फरक सगळा इंजिनाच्या आत झाला.

आत दोन गोष्टी होतात. पहिली घर्षणाची. पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह, ऑइल पंप हे सगळं दर किलोमीटरला जितक्या जास्त वेळा फिरेल तितकं पेट्रोल त्यांनाच फिरवण्यात जातं. दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते, पण मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. पेट्रोल इंजिनात हवा येण्याच्या वाटेवर एक झडप असते, थ्रॉटल. ॲक्सिलरेटर थोडासाच दाबलेला असला की ती जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिनाला त्या फटीतून हवा ओढावी लागते. तोंडावर ओढणी घट्ट धरून श्वास घेऊन पाहा, तसं. वरच्या गिअरमध्ये आरपीएम कमी, त्यामुळे प्रत्येक स्फोटाला जास्त काम करावं लागतं. त्यासाठी पाय थोडा जास्त दाबावा लागतो, झडप जास्त उघडते आणि इंजिन मोकळा श्वास घेतं. म्हणजे वरच्या गिअरमध्ये पाय जास्त दाबला तरी पेट्रोल कमी लागतं. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. डिझेल इंजिनात ताकद कमी-जास्त करायला ही झडप वापरत नाहीत. कमी भारावर डिझेल गाड्या ॲव्हरेज चांगलं देतात त्याचं हे एक कारण.

माझ्यासारख्या छोट्या गाडीला सपाटीवर ताशी ८० ला चाकांपाशी साधारण ७ किलोवॅट पुरतात. इंजिन ६० च्या आसपास देऊ शकतं. म्हणजे हायवेवर ते बहुतेक वेळ रेंगाळत असतं. त्याला वरच्या गिअरमध्ये कामाला लावायचं ते यासाठी.

पण याला खालून मर्यादा आहे. पाचव्या गिअरमध्ये ताशी ५० वर आलात आणि पाय पूर्ण दाबलात तर इंजिन घुसमटतं, गाडी थरथरते, कधी नॉकिंगचा, म्हणजे इंजिनातून टकटक असा, आवाज येतो. टर्बो आणि थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या पेट्रोल इंजिनात अशा वेळी, म्हणजे कमी आरपीएम आणि पूर्ण भार असताना, मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटून पिस्टनला इजा होऊ शकते. ओव्हरटेक करायचं असेल, चढ लागला असेल, तर बेलाशक गिअर पाडा, म्हणजे खालचा गिअर घ्या. तेवढ्या काही सेकंदांच्या जास्त आरपीएमने टाकी रिकामी होत नाही. बाबा शिकवताना म्हणायचे, "काट्याकडे बघू नकोस, आवाज ऐक. इंजिन गुणगुणत असेल तर बरोबर, कण्हत असेल तर गिअर पाड." याहून चांगली सूचना मला अजून सापडलेली नाही.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर हवा तो वेग गाठल्यावर पाय क्षणभर हलका करा. गिअरबॉक्स वरचा गिअर घेतो. मग पाय हळूच परत टेकवा.

खरा खर्च वाऱ्याचा

आता वेगाबद्दल. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट होतो आणि वाऱ्याचा रेटा दीडपटीहून थोडा जास्त. त्या रेट्याला तोंड द्यायला लागणारी ताकद तर घनाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. माझ्या वहीत शांत हवेच्या दिवसांत ८० ला लिटरमागे २१ किलोमीटर आहेत, १०० ला साडेसतरा. म्हणजे पेट्रोल सुमारे वीस टक्के जास्त. वाऱ्याचा रेटा दीडपट झाला, मग पेट्रोलही दीडपट का नाही? कारण टायर रस्त्यावर लोळवण्याचा खर्च वेगाने फारसा वाढत नाही, आणि भार वाढल्यावर इंजिन थोडं जास्त कार्यक्षम चालतं.

१०० ला काटा २९०० वर असतो. ते पाहून लोक म्हणतात, बघा, आरपीएम वाढला म्हणून पेट्रोल वाढलं. उद्या सहावा गिअर बसवून काटा २३०० वर आणला तर थोडी बचत होईल, पण वारा काही कमी होणार नाही. काटा खाली आणायला गिअर आहे. वाऱ्याला वेग कमी करण्याशिवाय इलाज नाही.

मग किती वेगाने जायचं? माझा १४० किलोमीटरचा हिशोब असा. १०० ने ८४ मिनिटं आणि ८ लिटर. ९० ने ९३ मिनिटं आणि सव्वासात लिटरच्या आत. ८० ने १०५ मिनिटं आणि पावणेसात लिटरच्या आत. १०० वरून ९० वर येताना नऊ मिनिटं देऊन जवळजवळ पाऊण लिटर वाचतं. पुढे ८० वर यायला आणखी बारा मिनिटं द्यावी लागतात आणि वाचतं जेमतेम अर्धा लिटर. म्हणून मी ९० ला थांबले. बाबा जेवायला वाट पाहत असतात. एकवीस मिनिटं उशीर मला परवडत नाही, नऊ परवडतात. तुमचा आकडा वेगळा येईल, पण असाच मिनिटं आणि लिटर शेजारी मांडून काढा. फक्त रस्त्याच्या वेगमर्यादेत राहा, आणि इतकंही हळू जाऊ नका की मागचे लोक चिडून वेडंवाकडं ओव्हरटेक करतील.

समोरून वारा असला की हे सगळं बदलतं. ताशी २० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर ८० ने जाणाऱ्या गाडीला हवा १०० चीच भासते. त्या दिवशी ॲव्हरेज पडलं म्हणून गाडीत बिघाड शोधू नका. आणि वाऱ्यापासून आडोसा म्हणून ट्रकच्या मागे चिकटून तर कधीच जाऊ नका. त्याने ब्रेक मारला तर तुम्हाला थांबायला जागाच नसते.

ब्रेक म्हणजे सांडलेलं पेट्रोल

१२०० किलोची गाडी १०० वरून ६० वर आणली आणि पुन्हा १०० वर नेली, तर तो वेग परत मिळवायला साधारण ३५ मिलिलिटर पेट्रोल जास्त जातं. एका वेळेला काहीच वाटत नाही. पण पुढच्या गाडीच्या मागे लागून, ब्रेक मारून, पुन्हा पळवून, असं तासाभरात तीस वेळा केलं की लिटरभर गेलं. हे मी स्वतः केलेलं आहे. उशीर झाला म्हणून घाईत गेले, तेव्हा वाचली सहा मिनिटं आणि ॲव्हरेज आलं १५.

उपाय म्हणजे लांब नजर. पुढच्या गाडीच्या पुढची, त्याच्याही पुढची गाडी बघा. तिकडे लाल दिवे दिसले की लगेच पाय उचला. तीन सेकंदांचं अंतर असेल तर बहुतेक वेळा ब्रेकची गरजच पडत नाही.

आणि पाय उचलल्यावर गाडी गिअरमध्येच राहू द्या. इथेच माझा आणि बाबांचा वाद. उतार लागला की न्यूट्रल करायची त्यांची जुनी सवय, आणि कार्ब्युरेटरच्या काळात तिला काही अर्थ होता, कारण गिअरमध्ये असतानाही इंजिन पेट्रोल ओढतच राहायचं. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत, म्हणजे जिथे संगणक मोजून इंधन सोडतो तिथे, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, गाडी गिअरमध्ये असली आणि आरपीएम आयडलच्या (गाडी उभी असताना इंजिन फिरतं त्या आकड्याच्या) बराच वर असला की संगणक इंधन पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलंत तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, शिवाय इंजिनाचा ब्रेकही जातो आणि लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. बाबांना शेजारी बसवून उतारावर डॅशबोर्डवरचा आकडा दाखवला. गिअरमध्ये तो ९९.९ वर जाऊन अडकला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे गाडी आता फुकट चाललीय?" तेव्हापासून त्यांनी न्यूट्रल सोडलं.

क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग गाडीनेच टिकवण्याची सोय, सपाटीवर छान. चढउताराच्या रस्त्यावर मी ते बंद करते, कारण चढावर वेग टिकवायला ते गाडी जोरात रेटतं. मी चढावर वेग पाच-सात किलोमीटरने कमी होऊ देते, मागे कोणी नसेल तर, आणि उतारावर तो आपोआप परत येतो.

अगदी मुंगीच्या पायांनी वेग घेणं मात्र बचतीचं नाही. मी पेडल निम्म्याच्या आसपास दाबते आणि दोन ते अडीच हजारांवर गिअर बदलत लवकर पाचव्यात पोहोचते. हायवेवर शिरताना तर आधी वाहतुकीचा वेग गाठायचा, बचत नंतर.

उरलेलं थोडक्यात

टायरमधली हवा गाडी थंड असताना, दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. हायवेच्या वेगाला काचा बंद आणि एसी माफक. इंजिन गरम व्हावं म्हणून घरापाशी उभं ठेवू नका. सुरू करून पहिली काही मिनिटं सावकाश चालवा.

टपावर कॅरिअर असेल तर तो काढाच. रिकामा असला तरी वारा अडवतो, आणि वर मोठी पेटी असेल तर हायवेवर पेट्रोल दहा टक्क्यांहूनही जास्त लागू शकतं. माझ्या गाडीवर तो दोन वर्षं उगाच होता. चार बोल्ट, एक पाना, दहा मिनिटं. काढला त्या दिवशी वहीत फक्त "कॅरिअर काढला" एवढंच लिहिलं आहे, आणि त्यानंतरच्या तिन्ही टाक्यांचा आकडा आधीच्या तिन्हींपेक्षा वर आहे.