सेंट ऑगस्टीनला मुलांना घेऊन जाताय? मग आधी ही तयारी करा

ऑर्लँडोला आलेली आपली बरीच मंडळी डिस्ने करून परत फिरतात, पण तिथून गाडीने दोनेक तासांवर सेंट ऑगस्टीन आहे आणि तिथला फाउंटन ऑफ यूथ आर्किऑलॉजिकल पार्क मुलांना दाखवाच असं मी अगदी मनापासून सांगेन.

पहिली तयारी घरीच, आदल्या रात्री मुलांना जवळ घेऊन. नावामुळे सगळे चिरतारुण्याच्या झऱ्याचंच विचारतात, पण पोन्से द लेऑन हा स्पॅनिश दर्यावर्दी १५१३ ला फ्लोरिडात आला हे खरं असलं तरी ती झऱ्याची गोष्ट त्याच्या नावाला नंतर चिकटली, आणि तो नेमका इथंच उतरला याला पुरावा नाही. इथली खरी गोष्ट १५६५ ची. स्पॅनिश सरदार पेद्रो मेनेंदेझ सुमारे ८०० माणसं घेऊन वसाहत करायला आला तेव्हा इथं तिमुकुआ या मूळ रहिवाशांचं सेलोय नावाचं नांदतं गाव होतं, त्यांनीच या लोकांना आसरा दिला आणि वर्ष व्हायच्या आत इतकं बिनसलं की स्पॅनिश लोकांना तळ उचलून जवळच्या बेटावर जावं लागलं. पुढे साथीच्या रोगांनी तिमुकुआ जवळजवळ संपले, हेही मुलांना सांगा, लपवू नका, नाहीतर पोरं नुसत्या तोफा बघून येतील. तारखा लक्षात राहत नसतील तर पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० ला, म्हणजे तोच काळ, एवढं सांगितलं तरी पुरतं.

बॅगेत टोप्या, सनस्क्रीन, डासांचा स्प्रे आणि भरपूर पाणी, कारण खाडीकाठची १५ एकर जागा पायी फिरायची असते. झऱ्याचं पाणी चाखायला मिळतं पण त्याला गंधकाचा वास येतो, तहान त्यावर भागत नाही. पायात बंद बूटच, गवतात लाल मुंग्या असतात. उन्हाळ्यात दुपारी धो धो पाऊस आणि विजा, त्यामुळे सकाळी गेट उघडतानाच पोचा. मोर मोकळे फिरतात, त्यांच्या मागे धावायचं नाही हे लहानग्यांना आधीच बजावून ठेवा.

पार्कात जुन्या पद्धतीने तोफ डागून दाखवतात, त्याच्या वेळा त्याच दिवशी सकाळी वेबसाइटवर बघा. आवाज जबरदस्त होतो, आजी-आजोबा आणि तान्ह्या बाळाला लांब सावलीत बसवा. मोठ्या मुलांना मात्र पुढे उभं करा आणि जुन्या वेषातल्या तोफचीला विचारायला लावा की बार भरायच्या आधी नळीत ओला बोळा का फिरवतात. आत आधीची ठिणगी राहिली तर नवीन दारू भरतानाच पेटेल, म्हणून. अशी कामं ही माणसं स्वतः करत असतात, त्यामुळे विचारलं की भरभरून सांगतात, फक्त विचारायला लाजायचं नाही.

गावातलाच कास्तियो दे सान मार्कोस किल्ला त्याच दिवशी करायचा असेल तर जेवून जा, तिकीट वेगळं आहे. १६७२ ला बांधायला घेतलेला, शिंपल्यांच्या दगडाचा आहे, भिंतीजवळ गेलात की शिंपले दिसतात. सोबत वयस्कर कोणी असेल तर मात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी जा, वर जायला जिना चढावा लागतो.