काळ्या मातीतलं कंपाउंड: आखाजीला एकदा, पोळ्यानंतर एकदा

आपल्याकडे जळगाव-धुळ्यात कंपाउंडला तडा गेला की लोक आधी मिस्तरीला शिव्या देतात, पण भाऊ, बऱ्याचदा कारण खालची काळी माती असते. ती पावसात फुगते अन उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, आणि कंपाउंडचा पाया घराइतका खोल कोणीच घेत नाही, म्हणून घर जागेवर राहतं अन कंपाउंड हलतं.

म्हणून वर्षातून दोनदा भिंतीला चक्कर मारायची, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास एकदा अन पोळा झाल्यावर एकदा. प्लास्टरवर केसासारख्या रेघा असतील तर सोडून द्या, कलरच्या वेळी पुट्टीत जातील. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तिरपा चढलेला तडा मात्र पाया हलल्याचा. त्याच्या टोकांना पेन्सिलीने खूण करा, तारीख अन रुंदी लिहा आणि एक पावसाळा थांबा. मी थांबलो नाही, मे महिन्यात सिमेंट भरून मोकळा झालो, दिवाळीपर्यंत शेजारून नवा निघाला, तो भरला तर परत तेच, दोनदा मजुरी गेली.

वरून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडून बघा. मागच्या वेळेपेक्षा भिंत जास्त कललेली दिसली किंवा मधेच पोट आलं असेल तर तिथे पोरं खेळू देऊ नका, जाणकाराला बोलवा, हे घरी करायचं काम नाही.

खरी गोम पाण्यात आहे. मोरीचं पाणी, कूलरचा पाईप, पन्हाळ, हे सगळं भिंतीच्या बुडाशी जातं अन तेवढीच माती फुगते, बाजूची कोरडी, मग भिंत मधे तुटणारच. पाणी लांब काढा, बुडाशी भिंतीपासून लांब जाणारा उतार द्या. कडूनिंब भिंतीला चिकटून लावलाय? उन्हाळ्यात तो मुळाने ओल ओढतो अन माती अजून आकसते. (आमच्या आईला हे पटत नाही, निंब तोडायचा नाही म्हणजे नाही.) पिंपळाचं रोप दिसलं तर मुळासकट काढा, नुसतं वरून खुडलं की परत फुटतं.

माथ्यावरचं कोपिंग (भिंतीच्या डोक्यावरचं झाकण) फुटलं असेल तर पावसाआधीच बुजवा, नाहीतर पाणी आत उतरून लोणा लागतो. तो पांढरा थर कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुतला तर क्षार परत आत जातात.

प्लास्टर हातोडीच्या दांड्याने ठोका, डबडब वाजलं तेवढं काढून नवीन करा. अन आपल्या उन्हात निदान 7 दिवस ओलं गोणपाट टाकून ठेवा, मिस्तरी दोन दिवस म्हणाला तरी.