पद्मिनीसाठी थर्माकोलचं इंजिन

वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीत मूळच्या १०८९ सीसीच्या जागी जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन बसवायचं होतं. चेन ब्लॉकला टांगून आत सोडायचं, जुळत नाही म्हणून परत काढायचं, यात चार रविवार गेले. पाठ धरली, इंजिन गाडीला धरून ठेवणारे माउंट काही जुळेनात.

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करणारे आमच्या गल्लीतले मामा म्हणाले, "पोरा, लोखंड कशाला नाचवतोस? आधी पॅटर्न कर की!"

मग तेच केलं, इंजिनाचा हलका नमुना बनवला. खरं इंजिन फरशीवर लेव्हलमध्ये ठेवून क्रँकच्या (आतल्या फिरत्या दांड्याच्या) मध्यापासून सगळी मापं घेतली. बेलहाउसिंगच्या (इंजिन गिअरबॉक्सला जोडणाऱ्या कवचाच्या) कडेला ग्रीस फासून तिचा ठसा पुठ्ठ्यावर उतरवला आणि तो १२ मिमी प्लायवर कापला. माउंटच्या पट्ट्याही प्लायच्याच, कारण अचूकपणा लागतो तो या दोन ठिकाणी. ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड) आणि संप (खालची तेलाची टाकी) थर्माकोलचे. चिकटवायला पांढरा फेव्हिकॉलच घ्या. रबर सोल्यूशननं थर्माकोल विरघळतो, माझा पहिला संप तसाच गेला.

हे नमुन्याचं इंजिन एका हातानं उचलतं. अर्ध्या तासात कळलं, संप स्टिअरिंगच्या दांड्याला अडत होता. २० मिमी मागे सरकवलं, सुटलं.

बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर मात्र नमुन्यात करायचा राहिला आणि खरं इंजिन बसवताना तोच अडला. तोही करा, पंखाही करा. खऱ्या वजनानं माउंटचं रबर दबतं, म्हणून संपाखाली जास्तीची जागा सोडा. आणि ब्रॅकेटला वेल्डिंगचा टाका मारण्याआधी थर्माकोल बाहेर काढाच, ठिणगीनं पेटतो.